अमेरिकेतील राज्ये आरोग्यसेवा आणि सामाजिक साहाय्य कसे जोडतात?

प्रश्न: मेडिकेअर (मुख्यतः वृद्ध आणि काही अपंगांसाठीचा केंद्र सरकारचा आरोग्यविमा) आणि मेडिकेड (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी केंद्र व राज्ये मिळून चालवतात ती योजना) या दोन्हींच्या लाभार्थ्याचा रुग्णालयाचा खर्च मुख्यतः पहिल्या योजनेतून, तर घरी येणाऱ्या मदतनिसाचा बहुधा दुसऱ्या योजनेतून भागतो. ही फारकत मिटवण्याचे राज्यांचे कोणते प्रयोग अभ्यासण्याजोगे आहेत?

उत्तर १: मॅसॅच्युसेट्सचा 'वन केअर' पाहावा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात २१ ते ६४ वयोगटातील अपंग लाभार्थ्यांसाठी दोन्ही योजना एकाच छत्राखाली आणून समन्वयक नेमण्यात आले.

उत्तर २: माझ्या मते नॉर्थ कॅरोलायनाचा प्रयोग अधिक धाडसी होता. २०२२ पासून तेथील काही भागांत अन्नाची खोकी, घरातील बुरशी काढणे, दवाखान्यापर्यंतचे वाहन अशा गोष्टींवर मेडिकेडचा पैसा खर्च झाला. मूल्यमापनात वैद्यकीय खर्च कालांतराने घटल्याचे आढळले, आणि तरीही विधिमंडळाने निधी न दिल्याने २०२५ च्या जुलैत या सेवा थांबल्या. (पुरावा आणि अंदाजपत्रक यांचे सूत नेहमी जुळतेच असे नाही.)

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मात्र अत्यंत आजारी माणसांचा खर्च पुढे बहुधा आपोआपच काहीसा उतरतो. त्यामुळे तुलनेसाठी निवडलेला गट कसा होता, हे आधी तपासावे लागेल.