मदत हवी आहे: लिफ्ट केलेल्या (उंच केलेल्या) जिप्सीला बंप स्टॉप (चाक फार वर जाऊ नये म्हणून चासीखाली असलेलं रबर) किती उंच?

जिप्सीला चारही बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग), दोन इंच लिफ्ट, टायर 235/75 आर15. मोठ्या खड्ड्यात आपटली की पुढचा डावा टायर आतल्या पत्र्याला घासतो, काळा पट्टा उमटलाय. शॉक अब्सॉर्बर किती दबतो ते बघायला त्याच्या दांड्याला केबल टाय बांधला, तो पार टोकाला जाऊन तुटला. म्हणजे बंप स्टॉपचं रबर पुरतं दबायच्या आत शॉकच तळाला लागतोय.

चासी आणि रबर यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची लोखंडी पट्टी टाकली. घासणं कमी झालं, थांबलं नाही. पत्रा कापायचा नाही, चासीवर वेल्डिंगही नको. ऑफिसलाही हीच गाडी (कंबर माझीच), त्यामुळे दगडासारखा स्टॉप नकोय.

पट्टी एक इंचाची करू, की हळूहळू कडक होणारा उंच फोमचा स्टॉप लावू? आणि स्टॉप पूर्ण दबल्यावर शॉकचा दांडा किती मिमी शिल्लक ठेवता?