मुलतानी मातीच्या लेपाने चेहरा जळजळतो, पिंपल्सही जात नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार, मी नागपूरची, वय 23. दोन वर्षांपासून गालावर पिंपल्स येऊन राहिले आणि ते बसले तरी काळे डाग राहून जातात, त्या डागांचंच जास्त वाईट वाटतं. आई दर हिवाळ्यात संत्र्याची सालं गच्चीवर वाळवून मिक्सरमधून काढून ठेवते, बरणीभर पावडर घरात आहेच, म्हणून 2 चमचे मुलतानी माती, 1 चमचा साल पावडर, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर हळद असं गुलाबपाण्यात कालवून लावत होती. थंडीत काही त्रास नव्हता. आता पारा 43 च्या वर आहे, कुलरसमोर बसलं की 5 मिनिटात लेप वाळून तडकतो, बोलता पण येत नाही, धुतला की गाल लाल. मागच्या मंगळवारी लेप धुवून भर दुपारी स्कूटीने सीताबर्डीला गेली, दुपट्टा बांधला होता तरी संध्याकाळी गालावर लाल चट्टे आणि आग आग. 3 आठवड्यांवर ताईचं लग्न आहे हो. काकू म्हणते बेकिंग सोडा लाव, मैत्रीण म्हणते साय लाव. नेमकं काय चुकतंय माझं?

उत्तर

लिंबू आजच बंद कर बाई. लिंबाच्या रसाचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) 2 च्या आसपास, आपल्या त्वचेचा 5 च्या जवळ, म्हणजे तू आम्लच चोळत होतीस, वरून लिंबाचा रस कातडीवर राहिला आणि ऊन लागलं तर चट्टे, फोड, मग काळे डाग पडू शकतात. बेकिंग सोडा उलट टोकाचा, अल्कली, तोही नको. साल पावडर कितीही चाळली तरी खरखरीत राहते, पिकलेल्या पिंपलवर घासली की जखम होते आणि डाग आणखी गडद होतो. माती वाईट नाही, तेल शोषते, पण आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, त्यात कुलरचा वारा, म्हणून पूर्ण वाळेपर्यंत ठेवायचीच नाही. साध्या पाण्यात किंवा ताज्या दह्यात कालव, पातळ थर लाव, बोटाला ओलसर लागते तोवरच धुवून टाक, आठवड्यातून एकदा पुरे. साय पिंपल्सवर नको, ती तेलकट. पण हे सगळं चट्टे पूर्ण गेल्यावर, आणि आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघ.

आणि लग्नाच्या तोंडावर मेडिकलमधून गोरं करायची ट्यूब विचारून आणू नको, अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, चार दिवस चेहरा छान दिसतो आणि बंद केलं की दुप्पट पिंपल्स, माझ्या नणंदेचं हेच झालं, वर्षभर रडली ती. लेपाने वरचं तेल कमी होतं, आतले दुखरे गाठीसारखे पिंपल्स नाही जात, त्यासाठी स्किनच्या डॉक्टरला दाखव.

धागाकर्ती

ताई खूप धन्यवाद. 10 दिवस काहीच लावलं नाही, आग थांबली, लाली बरीच उतरली, डाग आहेत तसेच. सोमवारी डॉक्टरकडे चालली. फक्त एक सांगा, दुपट्ट्याच्या आत घामाने सनस्क्रीन पुसून जातं, तुम्ही दुपारी निघताना कसं करता?