२ ऑगस्ट २०२७ चे खग्रास सूर्यग्रहण: इजिप्तमधील लक्सर की स्पेन?

विचारणा
१६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास ग्रहणाचा पट्टा कर्नाटकातून गेला, तेव्हा पुण्यात आजोबांनी माझ्या वडिलांना खिडक्या लावून घरात बसवले होते. ती खंत त्यांना अजून आहे. भारतातून दिसणारे पुढचे खग्रास ग्रहण २० मार्च २०३४ रोजी, तेही थेट काश्मीर-लडाखकडे. सत्तरीच्या वडिलांना तोवर थांबवणे पटत नाही. २०२७ साठी कोठे जावे?

प्रतिसाद १
निःसंशय लक्सर. २२ जुलै २००९ रोजी मी सुरतेला गेलो होतो. भर सकाळी काळोख दाटला, पण ढगांमुळे सूर्य काही दिसला नाही. तेव्हापासून मी आधी आकाश पाहतो, मग तिकीट. ऑगस्टमध्ये लक्सरला ढग जवळजवळ नसतात आणि खग्रास अवस्था सहा मिनिटांहून अधिक टिकेल, कारण त्या सुमारास चंद्र पृथ्वीच्या जवळ असल्याने त्याचे बिंब मोठे दिसते, तर सूर्य जुलैच्या आरंभी सर्वांत दूर गेलेला असल्याने त्याचे बिंब किंचित लहान. स्पेनमधील कादिझला हीच अवस्था जेमतेम तीन मिनिटांची आहे. मात्र लक्सरला भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असेल आणि पारा चाळिशीच्या आसपास, तेव्हा वडिलांसाठी सतरंजी, उशी, छत्री आणि भरपूर पाणी न्यावे. मान वर करून तासभर उभे राहणे त्यांना झेपणार नाही.

प्रतिसाद २
ग्रहण पाहण्याचा चष्मा आयएसओ १२३१२-२ या आंतरराष्ट्रीय मानकाचाच घ्यावा. क्ष-किरणांची फिल्म, काजळी धरलेली काच, परातीतील पाण्यातले प्रतिबिंब, यांपैकी काहीही चालत नाही. दृष्टिपटलाला वेदना कळत नसल्याने डोळा भाजत असतानाही माणूस निर्धास्त पाहत राहतो. सूर्य पूर्ण झाकला गेल्यावरच चष्मा काढावा आणि प्रकाशाचा पहिला ठिपका चमकताच पुन्हा लावावा.

महाराष्ट्रातून त्या दिवशी दुपारनंतर खंडग्रास ग्रहण दिसेल, अर्थात पावसाने कृपा केली तर. (योगायोगाने ती आषाढी अमावास्या, म्हणजे दिव्याची अवस आहे.) घरी राहणाऱ्यांनी सूर्याकडे पाठ करून बुंदीचा झारा उन्हात धरावा, समोरच्या भिंतीवर प्रत्येक भोकागणिक एकेक कोर उमटते. भिंत एक मीटर दूर असेल तर प्रतिमा साधारण ९ मिलिमीटरची पडते.

विचारणाकर्ता
आभारी आहे. लक्सर ठरले. घरी एक जुनी दुर्बीण आहे, तिच्या नेत्रिकेला (डोळा लावायच्या भिंगाला) बसणारी काळी काचही आहे. ती न्यावी का?

प्रतिसाद २
दुर्बीण न्या, ती काच मात्र आजच टाकून द्या. नेत्रिकेपाशी एकवटलेल्या उष्णतेने अशी काच ऐन वेळी तडकते. सूर्यप्रकाश अडवणारी गाळणी (फिल्टर) नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, सूर्याच्या बाजूला घट्ट बसलेली असावी; वाऱ्याने उडू नये म्हणून वर चिकटपट्टीही लावावी.