पोस्टिंग म्हटलं की पोटात गोळा येतो, कुणाला असं झालंय का?

सेकंड_इयर
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. थिअरीत मार्क चांगले पडतात पण वॉर्ड म्हटलं की आदल्या रात्रीपासून धाकधूक. परवा एका आजोबांचं बीपी घेत होते, मॅडम मागे उभ्या, मला काही ऐकूच येईना, माझ्याच छातीतली धडधड कानात वाजत होती आणि मी चार्टवर १२०/८० लिहून टाकलं. मॅडमनी परत घेतलं तर वरचं १५० च्या पुढे. सगळ्यांसमोर बोलल्या. चूक माझीच, पण तेव्हापासून बीपीचा कफ (दंडाला बांधायचा पट्टा) हातात घेतला की तेच डोळ्यापुढे येतं. त्यात दोन केअर प्लॅन (पेशंटच्या देखभालीचे लेखी आराखडे) लिहायचे राहिलेत, झोप चार तास, आणि मागच्या आठवड्यात ज्या आजींचं मी चार दिवस सगळं करत होते त्या गेल्या. कसं निभावता तुम्ही लोक?

नाइट_ड्युटी
सवय होते गं. पहिलं वर्षभरच त्रास.

आयसीयू_ताई
सवय होते म्हणून सोडून देऊ नकोस. तू वेगवेगळी ओझी एकाच गाठोड्यात बांधली आहेस, ती आधी सोडव. लॅझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांचं १९८४ चं कोपिंगवरचं, म्हणजे ताणाला तोंड कसं देतो यावरचं काम सिलॅबसमध्ये असेल, मला ते परीक्षेपुरतंच वाटायचं, वॉर्डात गेल्यावर कळलं. काही ताणांवर उपाय करता येतो, काही नुसते सोसावे लागतात, आणि दोन्हींना एकच औषध चालत नाही.

बीपीचं पहिल्यातलं. स्टेथोचे कानातले भाग नाकाच्या दिशेने पुढे वळलेले हवेत, उलटे घातले तर आवाज दबतो, घाईत खूप जणींचं हेच होतं. आधी मनगटाची नाडी धरून कफ फुगव, नाडी लागेनाशी झाली की तो आकडा लक्षात ठेव. हवा पूर्ण सोड, थोडं थांब, मग त्या आकड्याच्या २०-३० वर नेऊन सेकंदाला २-३ मिमी अशी हळू सोड. आता वरचा आकडा साधारण कुठे येणार हे तुला आधीच ठाऊक असतं, त्यामुळे कान टवकारून नुसती वाट बघायची, निम्मी भीती तिथेच जाते. आणि नाहीच ऐकू आलं तर "मॅडम, ऐकू आलं नाही, परत घेते" एवढं म्हण. त्याबद्दल ओरडा बसला तरी चालेल, पेशंटच्या चार्टवर खोटा आकडा नको.

आजींचं मात्र दुसऱ्यातलं. तिथे तंत्र नाही. माझी पहिली पेशंट गेली तेव्हा मी लिननच्या खोलीत रडले होते, इन्चार्ज सिस्टर आल्या, काही न बोलता शेजारी उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या चल, शेवटचं आपण दोघी मिळून करू. अंग पुसलं, केस विंचरले. त्यानंतर मला बोलता आलं. तूही त्याच वॉर्डातल्या कुणाशी तरी बोल.

क्लिनिकल_शिकवते
मी शिकवते, म्हणून मनापासून सांगते, पेशंटसमोर विद्यार्थिनीला बोलणं चुकीचं आहे. चूक बाजूला नेऊन सांगायची असते. झोपेचं बघ, कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळी सातची कॉफी रात्री बारालाही अंगात असते. केअर प्लॅन झोप मोडून लिहू नकोस, मुदत वाढवून माग, मी तर मागणाऱ्यांना देते. आणि दोन आठवडे झोप-भूक गेलेली राहिली, कशातच मन लागेना किंवा जगणं नकोसं वाटायला लागलं, तर कॉलेजच्या काउन्सेलरकडे नाहीतर डॉक्टरकडे जा. जगणं नकोसं वाटलं तर दोन आठवडे थांबायचंच नाही, त्याच दिवशी जा.

सेकंड_इयर
ताई, कानातले उलटेच होते 😭 काल रूममेटच्या हातावर सहा वेळा घेतलं, चार वेळा स्पष्ट ऐकू आलं. केअर प्लॅनला सोमवारपर्यंत मुदत मिळाली. आजींबद्दल सिस्टरशी उद्या बोलणार आहे.