हिवाळी खेळ म्हणजे नुसते घसरणे, आणि खरा थरार मोटारींच्या कार्यक्रमात?

हिमरेषा:
काल 'चौथा गिअर' या सदस्यांनी येथे जे लिहिले त्याला दोन ओळींत उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की हिवाळी ऑलिम्पिकमध्ये एकामागून एक माणसे त्याच उतारावरून तशीच खाली येतात, पडद्याच्या कोपऱ्यातले आकडे बदलतात आणि तेवढ्यावर समालोचक ओरडतात. त्यापेक्षा 'टॉप गिअर' या बीबीसीच्या मोटारींच्या कार्यक्रमाने २००६ मध्ये नॉर्वेतील लिलेहामरला जाऊन जो हिवाळी ऑलिम्पिकचा विशेष भाग केला आणि जुन्या मिनी मोटारीला रॉकेट लावून स्की जम्पवरून उडवले, त्या एका भागात अधिक खेळ होता.

तो भाग मला आवडतो. परंतु ज्यांना 'एकामागून एक, त्याच वाटेने, घड्याळाविरुद्ध' हा प्रकार कंटाळवाणा वाटतो, तेच सदस्य 'टॉप गिअर'च्या डन्सफोल्ड येथील चाचणीमार्गावरील फेऱ्यांच्या वेळांचा तक्ता पाठ असल्यासारखा सांगतात. त्या तक्त्यात दुसरे काय होते? तोच चालक, तोच मार्ग, एका वेळी एकच गाडी, आणि शेवटी मिनिटे व सेकंद. मार्ग ओला असेल तर वेळेच्या शेजारी तसे लिहिले जाई. डाउनहिल, म्हणजे उतारावरून सरळ वेगाची स्कीची शर्यत, याहून मुळीच निराळी नाही. फरक इतकाच की तेथे गाडीच्या जागी माणसाचे गुडघे असतात.

दुसरी गोष्ट उताराची. कॅमेरा उतार खाऊन टाकतो. ऑस्ट्रियातील किट्झब्युहेलच्या श्ट्राइफ या डाउनहिल मार्गावर सुटल्यानंतर काही सेकंदांतच माउसफाले नावाची जागा येते. तेथील उतार ८५ टक्के आहे, म्हणजे शंभर मीटर आडवे जाताना पंचाऐंशी मीटर खाली. पडद्यावर ती जागा एखाद्या टेकडीच्या पायवाटेसारखी दिसते. मी आयुष्यात एकदाच पायाला स्की बांधल्या. नवशिक्यांचा उतार होता, खालून पाहताना तो जवळजवळ सपाट वाटला होता. वर उभे राहिल्यावर पाय लटपटू लागले आणि तिसऱ्या वळणावर गुडघा असा पिरगळला की पुढचे सहा आठवडे कुबडी सुटली नाही. त्यानंतर एकाही स्पर्धकाला 'नुसता घसरतो' असे म्हणण्याची मला हिंमत झालेली नाही.

चौथा गिअर:
माझे लिहिणे इतके जिव्हारी लागेल असे वाटले नव्हते, पण मी ते मागे घेणार नाही. तक्त्याची तुलना चुकीची आहे, आणि का ते सांगतो. डन्सफोल्डची फेरी पाहताना मला प्रत्येक वळण नावाने ठाऊक होते. हॅमरहेडला गाडीचे पुढचे टोक बाहेर ओढले जाते की मागचे, 'फॉलो थ्रू'मधून पाय न काढता जाता येते की नाही, शेवटच्या गॅम्बन वळणावर काय होते, हे मला दरवेळी दाखवले आणि सांगितले जाई. त्या वळणाला ते नाव का पडले हेही मला माहीत होते, कारण अभिनेते मायकेल गॅम्बन यांनी तेथे गाडी दोन चाकांवर उचललेली मी पाहिली होती. गाडी दिसायला लागण्याआधी तिच्याबद्दल सात-आठ मिनिटे ऐकून झालेली असत. म्हणून शेवटी आकडा आला की मला त्याचा अर्थ कळत असे.

हिवाळी स्पर्धांच्या प्रक्षेपणात यातले काहीही होत नाही. हेल्मेट आणि चष्म्याआडचा एक अनोळखी माणूस येतो, आघाडीचा हिरवा किंवा पिछाडीचा लाल आकडा दिसतो आणि दुसरा माणूस सुटतो. हा दोष प्रेक्षकाच्या माथी मारू नये.

घड्याळवाला:
आकड्याचा अर्थ लावणे प्रेक्षकालाही जमू शकते, फक्त एकदा हिशेब करून पाहावा लागतो. १९९८ च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या ल्यूजमध्ये, म्हणजे पाठीवर झोपून बर्फाच्या नळीतून उतरणाऱ्या घसरगाडीच्या शर्यतीत, चार धावा मिळून झिल्के क्राउसहार यांनी बार्बरा नीडर्नहूबर यांना ०.००२ सेकंदाने हरवले. ताशी १२० किलोमीटरचा वेग धरला तर सेकंदाला सुमारे ३३ मीटर, म्हणजे तो फरक जेमतेम सात सेंटीमीटरचा. चार धावांत मिळून सात सेंटीमीटर! त्याच नागानोत दोघांच्या बॉबस्लेमध्ये (बसून चालवायच्या घसरगाडीच्या शर्यतीत) कॅनडा आणि इटली यांची चार धावांची बेरीज शतांश सेकंदापर्यंत सारखी आली आणि दोघांनाही सुवर्णपदक द्यावे लागले.

आता मूळ मुद्दा. ज्या कार्यक्रमाच्या आकड्यांवर आपला एवढा विश्वास आहे, त्याच कार्यक्रमाने डिसेंबर २००८ मध्ये टेस्ला रोडस्टर विजेविना बंद पडल्यासारखी दाखवली आणि माणसांनी ती ढकलत हँगरमध्ये नेल्याचे दृश्य प्रसारित केले. चाचणीसाठी दिलेल्या दोन गाड्यांपैकी एकाहीची वीज संपलेली नव्हती असे कंपनीने सांगितले. ज्याला नाट्यासाठी गाडी ढकलावी लागते, त्याने खेळाला कंटाळवाणे म्हणू नये.

चौथा गिअर:
हे विधान अर्धवट आहे आणि मला त्याचा राग आला आहे. टेस्लाने २०११ मध्ये खटला भरला, तो हरली, आणि २०१३ मध्ये अपील न्यायालयानेही तिचे म्हणणे फेटाळले. चाचणीमार्गावर गाडी कमाल जोराने हाकल्यावर मिळणारा पल्ला आणि साध्या रस्त्यावरचा पल्ला यांतला फरक समंजस प्रेक्षकाला कळतो, हा निकालामागचा विचार होता. खटल्याचा शेवट न सांगता आरोप तेवढा मांडणे योग्य नाही.

आणि या कार्यक्रमात सगळे नाटक होते असे सुचवणाऱ्यांनी सप्टेंबर २००६ आठवावा. यॉर्कजवळच्या एल्विंग्टन धावपट्टीवर जेट इंजिनाच्या गाडीचे पुढचे टायर ताशी २८८ मैलांच्या, म्हणजे सुमारे ४६० किलोमीटरच्या वेगात फुटले आणि सादरकर्ते रिचर्ड हॅमंड मरणाच्या दारातून परत आले. डिसेंबर २०२२ मध्ये दुसरे सादरकर्ते अँड्र्यू फ्लिंटॉफ चित्रीकरणातच गंभीर जखमी झाले आणि पुढच्या वर्षी बीबीसीने कार्यक्रम थांबवला. नाटकात माणसे अशी जखमी होत नाहीत.

घड्याळवाला:
कंपनी खटला हरली, हे मी लिहायला हवे होते. ते न लिहिणे ही माझी चूक आहे. परंतु बदनामी सिद्ध न होणे आणि दृश्य खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायालयाने 'गाडी खरोखर बंद पडली होती' असे म्हटलेले नाही. अपघातांचा दाखला देऊन चाचणीचा खरेपणा सिद्ध करणे मला अत्यंत अनुचित वाटते. २०१० मध्ये व्हँकूवर ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या दिवशी सरावात नोदार कुमारिताश्विली हा २१ वर्षांचा ल्यूजपटू मरण पावला. त्याचा मृत्यू 'आमचा खेळ खरा आहे' हे पटवण्यासाठी मी कधीही वापरणार नाही.

मागचे आसन:
टेस्लाचा विषय निघालाच आहे तर माझी खरी तक्रार वेगळी आहे. काही वर्षांपूर्वी मोटारींच्या एका कार्यक्रमात एका सादरकर्त्याने एका गाडीच्या वळणावरील पकडीची तोंड भरून स्तुती केली आणि मी ती गाडी घेतली. पकड उत्तम होती, यात वाद नाही. पण रात्री तिच्या दिव्यांचा उजेड पुरत नसे, मुलाची खुर्ची मागे नीट बसत नसे, आणि टायर इतके बुटके होते की प्रत्येक खड्डा मणक्यापर्यंत पोहोचे. दोन वर्षे पाठदुखी सोसून मी ती विकली. ओल्या मार्गावरील फेरीची वेळ मला सांगितली गेली, मागच्या आसनावर कोणीही बसून पाहिले नाही. 'टॉप गिअर' १९७७ मध्ये सुरू झाला तेव्हा तो ग्राहकांसाठी माहिती देणारा कार्यक्रम होता. २००२ च्या नव्या अवतारात तो मनोरंजन झाला. ते मनोरंजन मीही चवीने पाहिले, पण त्याला 'चाचणी' म्हणू नये.

हिमरेषा:
आपल्या पाठदुखीबद्दल सहानुभूती आहे, पण धागा गाडीखरेदीचा नाही. 'चौथा गिअर' यांनी जो खरा प्रश्न विचारला आहे, म्हणजे प्रक्षेपण प्रेक्षकाला काय सांगते, त्याचे उत्तर अजून कोणीही दिलेले नाही.

दगड आणि झाडू:
मी देतो, कारण या प्रश्नाने माझा सर्वांत जास्त छळ केला आहे. कर्लिंगमध्ये, म्हणजे बर्फावरून दगड सरकवत लक्ष्याजवळ नेण्याच्या खेळात, खेळाडूंच्या अंगावर मायक्रोफोन असतात, त्यामुळे डाव कसा टाकायचा यावर त्यांची चाललेली चर्चा प्रेक्षकाला घरबसल्या ऐकू येते. इतका खुला खेळ पडद्यावर दुसरा नाही. आणि प्रक्षेपणवाले काय करतात? पहिले सात-आठ एंड, म्हणजे सामन्यातले डाव, कापून टाकतात आणि फक्त शेवटचा दगड दाखवतात.

ज्या संघाकडे एंडचा शेवटचा दगड असतो तो कित्येकदा मुद्दाम एकही गुण घेत नाही, कारण एकच गुण घेतला तर पुढच्या एंडचा शेवटचा दगड प्रतिस्पर्ध्याकडे जातो. कोरा एंड ठेवला तर तो आपल्याकडेच राहतो. न सांगितल्यास प्रेक्षकाला वाटते की काहीच घडले नाही, आणि प्रत्यक्षात सामन्याचा निकाल तेथेच ठरत असतो. झाडू मारणे पाहून हसणाऱ्यांनाही कोणी सांगत नाही की बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक खडबडीतपणा आणलेला असतो, झाडूच्या घासण्याने तो किंचित तापतो, आणि वीसेक किलोचा ग्रॅनाइटचा दगड त्यामुळे लांब व सरळ जातो. २००२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत रोना मार्टिन यांनी शेवटच्या दगडावर ब्रिटनला सुवर्णपदक मिळवून दिले. तो दगड सर्वांनी पाहिला आहे. त्याआधीचे नऊ एंड किती जणांनी पाहिले?

म्हणून या एका बाबतीत मी 'चौथा गिअर' यांच्या बाजूने आहे, जरी त्यांचा 'नुसते घसरतात' हा शब्दप्रयोग मला अजूनही खटकतो.

चौथा गिअर:
कोणीतरी माझा मुद्दा समजून घेतला, याबद्दल आभार. आता घड्याळवाल्यांना एक प्रश्न आहे. ढकललेली गाडी आपल्याला खटकते, मग पंचांचे गुण का खटकत नाहीत? २००२ मध्येच जोडी स्केटिंगच्या निकालावरून एवढा गदारोळ झाला की कॅनडाच्या साले व पेल्तिए यांना नंतर दुसरे सुवर्णपदक द्यावे लागले. २०२२ मध्ये बीजिंगला स्नोबोर्डच्या हाफपाइपमध्ये, म्हणजे अर्धगोल खोबणीतल्या उड्यांच्या स्पर्धेत, आयुमू हिरानो यांच्या दुसऱ्या धावेला ९१.७५ गुण दिले, तेव्हा समालोचकसुद्धा संतापले.

घड्याळवाला:
खटकतात. म्हणूनच स्केटिंगमधली कमाल ६.० गुणांची जुनी पद्धत गेली आणि तिच्या जागी प्रत्येक उडीची व फिरकीची किंमत मांडणारी पद्धत आली. स्की जम्पमध्ये पाच पंचांपैकी सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे गुण गाळतात, आणि वाऱ्याची भरपाई वेगळी धरतात. हिरानो यांनी तिसऱ्या धावेत तोच अवघड क्रम पुन्हा करून ९६ गुण व सुवर्णपदक मिळवले. पंच चुकले असतील, पण दृश्य कोणी पुन्हा रचले नव्हते. तो माणूस पुन्हा वर चढला आणि पुन्हा उडाला. माझा आक्षेप एवढ्यापुरताच आहे. पंचांची चूक त्याच दिवशी सर्वांसमोर दिसली, गाडीची गोष्ट प्रेक्षकांना नंतर कळली.

चौथा गिअर:
ठीक. त्या एका दृश्यापुरते मी मान्य करतो. संपूर्ण कार्यक्रमाबद्दल नाही.

हिमरेषा:
मग आता मूळ विषयाकडे येऊ. आपण म्हणालात की वळणांची नावे ठाऊक नसतात म्हणून आकडा निर्जीव वाटतो. तर नावे घ्या. श्ट्राइफची लांबी ३,३१२ मीटर आहे. माउसफालेवरून स्कीपटू हवेत जातो आणि खाली आदळताच शरीर दाबले जाते. तेथे गुडघे उघडले की पुढचे वळण हुकते. मग श्टाइलहांग, कडक बर्फाचा तिरपा उतार. तेथून बाहेर पडताना जो वेग हाती राहील तोच पुढच्या सपाट भागात पुरवायचा असतो, कारण तेथे वेग कमावता येत नाही, फक्त गमावता येतो. खालच्या भागात हाउसबेर्गकांटेची उडी येते, तीही अशा वेळी की मांड्यांत त्राण उरलेले नसते, आणि मग अंतिम रेषेकडे ताशी १४० किलोमीटरच्या आसपास वेग जातो. फ्रिट्झ श्ट्रोबल यांनी १९९७ मध्ये हे सर्व १ मिनिट ५१.५८ सेकंदांत केले.

आणि १९७६ ची इन्सब्रुकची डाउनहिल पाहा. फ्रान्झ क्लामर पिवळ्या पोशाखात, घरच्या प्रेक्षकांसमोर, वरच्या भागात बेर्नहार्ड रुसी यांच्या मागे पडलेले, आणि शेवटी ०.३३ सेकंदाने पुढे. त्या धावेत त्यांचा तोल कितीदा जाता जाता राहिला ते मोजा.

चौथा गिअर:
दोन्ही पाहिल्या. किट्झब्युहेलची धाव आधी समालोचन बंद करून पाहिली आणि मग आपण दिलेली नावे कागदावर समोर ठेवून पुन्हा पाहिली. श्टाइलहांगमधून बाहेर पडताना एका स्कीपटूची खालची स्की क्षणभर बाहेर सरकली, आणि पुढच्या सपाट भागानंतर त्याचा आकडा लाल होणार हे मला तो येण्याआधी कळले. तसा तो झाला. डन्सफोल्डला एखादी गाडी हॅमरहेडला रुंद गेली की फेरीची वेळ काय येणार हे मी ओळखत असे, नेमके तसेच. 'नुसते घसरतात' हे शब्द मी मागे घेतो.

क्लामरच्या धावेत तोल मोजण्याचा प्रयत्न केला, पण मध्यावर मोजणे सोडून दिले, कारण माझेच हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट आवळले गेले होते.

प्रक्षेपणाबद्दलची तक्रार मात्र कायम आहे. ही नावे आपण सांगितलीत, समालोचकाने सांगितली नाहीत. आणि रॉकेट लावलेली मिनी मला आजही कोणत्याही डाउनहिलपेक्षा अधिक प्रिय आहे.

दगड आणि झाडू:
पुढच्या कर्लिंग सामन्याच्या वेळी पहिल्या एंडपासून बसा. मी येथे प्रत्येक कोऱ्या एंडचे कारण लिहीन.