खासदारांना कॉन्फ्लिक्ट मिनरल्सबद्दल निवेदन द्यायचंय, नेमकं काय मागावं?

मृगजळ:
पूर्व काँगोतलं कोल्टन (टँटलम धातूचं खनिज), कथील, टंग्स्टन आणि सोनं विकून सशस्त्र टोळ्या पोसल्या जातात आणि तोच माल फिरत फिरत फोनमध्ये, दागिन्यांत येतो. आम्ही पुण्यातले काहीजण खासदारांना निवेदन देणार आहोत. आमदारांनाही द्यावं का? ‘या खनिजांवर बंदी घाला’ एवढं पुरे का? आपल्याकडे याबाबत कायदा आहे का?

टाकसाळ:
आमदारांना सोडा, परदेशी व्यापार केंद्राच्या सूचीत येतो. कंपन्यांना अशा खनिजांचा उगम तपासायला लावणारं अमेरिकेच्या डॉड-फ्रँक कायद्याचं कलम 1502 (2010) किंवा युरोपीय संघाचा 1 जानेवारी 2021 पासून लागू झालेला तसाच नियम, असं काही भारतात नाही. संघर्षातले हिरे रोखणारी आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्राची किंबर्ली प्रक्रिया आहे, पण ती फक्त कच्च्या हिऱ्यांपुरती.

नुसत्या निवेदनाची पोच मिळते आणि विषय तिथेच संपतो. त्यापेक्षा लोकसभेत विचारता येईल असा तयार प्रश्न हातात द्या. अतारांकितच मागा; उत्तर लेखी मिळतं आणि पुढे दाखवायला कागद राहतो. सूचना किमान 15 दिवस आधी जावी लागते आणि प्रत्येक मंत्रालयाचे वार ठरलेले असतात, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच मसुदा पोचवा.

प्रश्न बाद होतात ते बहुधा तीन कारणांनी. पहिलं, लांबी: 150 शब्दांच्या आत बसवा. दुसरं, मित्रदेशाचा अनादर होईल असा उल्लेख चालत नाही, म्हणून काँगोशेजारच्या देशाबद्दल ‘रवांडा चोरीचा माल विकतो’ असं लिहिलंत की प्रश्न गेलाच. तिसरं, जी माहिती आधीच प्रसिद्ध आहे ती मागता येत नाही. सोन्याच्या एकूण आयातीचे आकडे वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेतच.

भारतासाठी खरा धागा सोन्याचा आहे. काँगोतलं बरंचसं सोनं शेजारच्या देशांतून चोरट्या वाटेने दुबईला जातं. तिथे वितळवलं की ते कुठल्या खाणीतलं, हे लगडीकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. म्हणून खासदारांमार्फत वाणिज्य मंत्र्यांना असा प्रश्न विचारा (यातली ओईसीडी म्हणजे मुख्यतः विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना):

‘(क) आयात सोन्याचा शुद्धीकरणापूर्वीचा खाण-देश आयातदाराने जाहीर करणे बंधनकारक आहे काय; (ख) नसल्यास, संघर्षग्रस्त भागांतील खनिजांसाठीची ओईसीडीची मार्गदर्शक तत्त्वे आयातदारांना लागू करण्याचा विचार आहे काय; (ग) असल्यास, केव्हापर्यंत?’

जर्सीकर:
अमेरिकेतले मराठी मतदार यात जास्त वजन टाकू शकतात, कारण इथे कायदा आहे, फक्त ढिला पडलाय. कलम 1502 खाली कंपन्या दरवर्षी 31 मेपर्यंत एसईसीकडे (अमेरिकेची शेअर बाजार नियामक संस्था) या खनिजांबाबतचा फॉर्म एसडी भरतात. 2017 मध्ये एसईसीच्या अधिकाऱ्यांनी जाहीर केलं की, मालाचा माग काढण्याची सखोल तपासणी कंपनीने सादर केली नाही तरी कारवाईची शिफारस करणार नाही. ‘ही भूमिका मागे घ्यावी म्हणून एसईसीला पत्र लिहा’ एवढी एकच मागणी करा. 202-224-3121 या कॅपिटलच्या (अमेरिकी संसदेच्या) क्रमांकावरून आपल्या प्रतिनिधीचं कार्यालय जोडून मिळतं. झिप कोड आधी सांगा. मतदारसंघाबाहेरच्या फोनला फारशी किंमत नसते.

खाणवाट:
‘बंदी’ हा शब्द कृपा करून काढा. सप्टेंबर 2010 मध्ये काँगोचे तेव्हाचे अध्यक्ष काबिला यांनी उत्तर किवू, दक्षिण किवू आणि मानिएमा या पूर्वेकडच्या प्रांतांतलं हातखोदकाम थांबवलं, ते मार्च 2011 पर्यंत. पोट मारलं गेलं ते खोदणाऱ्यांचं. बंदूकवाले तिथेच राहिले.

मागणी माग काढण्याची हवी, पण तिथेही फट आहे. खाणीवर पोत्याला क्रमांकाचा टॅग लावतात, व्यापाऱ्याकडे दुसरा. टॅगच विकले जातात आणि मग दुसरीकडचा माल त्याच क्रमांकाखाली निघतो. एप्रिल 2024 मध्ये एम23 या बंडखोर गटाने उत्तर किवूतलं कोल्टनच्या खाणींचं गाव रुबाया ताब्यात घेतल्यानंतर तिथलं किमान 150 टन कोल्टन रवांडाला गेल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने नोंदवलंय. म्हणून ‘प्रमाणपत्र आहे का’ एवढ्यावर थांबू नका. त्रयस्थ तपासणी झाली का आणि तिचा अहवाल सगळ्यांना वाचायला मिळतो का, हेही निवेदनात घाला.

मृगजळ:
बंदी काढली. टाकसाळ, त्रयस्थ तपासणीचा मुद्दा (घ) म्हणून जोडला तर चालेल?

टाकसाळ:
(ख) मध्येच घाला, ‘स्वतंत्र तपासणीसह’ असे दोनच शब्द. वेगळा भाग केलात तर शब्द वाढतात. आणि मसुदा मतदारसंघाच्या कार्यालयात न ठेवता दिल्लीतल्या स्वीय सहायकाकडे द्या. प्रश्न दाखल करण्याचं काम सहसा तिथूनच चालतं.