मदत हवी आहे: अजगराच्या ओठावर खपल्या, पुढे काय करू?

नमस्कार मंडळी,

मी शिराळा तालुक्यातला, वारणाकाठचा. वनखात्याच्या परवानगीनं साप पकडून सोडतो. गेल्या आठवड्यात तोडणी चालू असलेल्या फडात साडेसहा फुटी अजगर निघाला. पिशवीत घालताना दिसलं, खालच्या ओठावर मधाच्या रंगाच्या जाड खपल्या आणि हनुवटीचे चार-पाच खवले वाळून उचकटलेले. कोयता लागला म्हणावं तर चीर नाही, रक्त नाही. वनरक्षकांना कळवून संध्याकाळी सोडला. रात्री झोप लागेना.

अमेरिकेतल्या मॅसासॉगा या विषारी सापाबद्दल वाचलं होतं. २००८ साली इलिनॉयमध्ये तोंड सुजलेले तीन साप सापडले आणि तीन आठवड्यांच्या आत मेले. कारण निघालं ऑफिडिओमायसेस नावाची, सापाच्या कातडीला लागणारी बुरशी. आधीच पाणथळ जागा बुजवून शेती झाल्यामुळं हा साप छोट्या छोट्या तुकड्यांत अडकलाय, २०१६ पासून तिथं संकटग्रस्त म्हणून कायद्याचं संरक्षण आहे. मिशिगनमधल्या अभ्यासात तर दिसलं की जवळच्या नात्यातल्या जोड्यांची पिल्लं कमी जगतात. आमच्या उसाच्या पट्ट्यातला अजगर चांदोलीच्या जंगलातल्या अजगरापर्यंत पोचतो का, हे तेव्हापासून डोक्यात घोळतंय.

सगळ्यात टोचतंय ते वेगळंच. तीच पिशवी दुसऱ्या दिवशी धामणीला वापरली.

पुन्हा असा साप आला तर सोडू की ठेवू? नमुना कसा घ्यायचा? कात जपली तर उपयोग होईल का?

प्रतिसाद:

दादा, आधी पिशवी, हुक, नळी सगळं धुऊन घ्या. मग एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवा आणि उन्हात कडकडीत वाळवा. यापुढं एका सापाला एकच पिशवी. ती धामण पुन्हा दिसली तर तोंड आणि पोटाकडचे खवले नीट बघा.

नुसत्या खपलीवरून बुरशीच म्हणता येत नाही. भाजणं, गोचीड, जुनी जखम, काहीही असू शकतं. निर्जंतुक कापसाच्या काडीनं जखमेवरून फिरवून नमुना घेतात आणि पीसीआर, म्हणजे बुरशीचा डीएनए शोधायची प्रयोगशाळेतली चाचणी, करतात. पण अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमधला, त्यामुळं नमुन्याला मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते. तुम्ही स्वतः घेऊ नका. असा साप सोडायच्या आधी वनरक्षकांमार्फत पशुवैद्यांना दाखवा, आणि मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढा. कातीतून डीएनए मिळतो, नातंही कळू शकतं. तीसुद्धा वनखात्याला सांगूनच ठेवा. प्लास्टिकमध्ये घालू नका, कागदी पाकिटात कोरडी ठेवा, वर तारीख आणि शिवाराचं नाव लिहा.